छगनमामांचा गूळ धरेना

माझे सासरे छगनमामा जेवतानाही एक गुडघा उभा ठेवून बसतात, घास गिळला की उठायला मोकळे. नेवाशाच्या आमच्या पट्ट्यात गुळव्या म्हणून त्यांचं नाव आहे. रस आटवायच्या काहिलीतला पाक चिमटीत धरून ते म्हणत, "उतरवा," आणि ढेप खणखणीत निघे. यंदा मात्र गूळ धरेना.

ढेप मऊ पडायची, दुसऱ्या दिवशी पाझरायची. मामांनी चुना कमीजास्त केला, मळी वर यावी म्हणून घालतात तो भेंडीचा चीक वाढवला, जाळ घालणाऱ्याला शिव्या घातल्या. काहिलीभोवती नुसत्या येरझाऱ्या. आणि एका सकाळी सगळं सोडून माझ्यावर घसरले.

"निकिता, उद्यापासनं काहिलीपाशी यायचं न्हाई. तू यायला लागल्यापासनंच बिघाडलंय."

काहिलीजवळ बाई नको, ही आमच्याकडची जुनी रीत. मामांनीच ती मोडून मला शेजारी उभं केलं होतं, पाक ओळखायला शिकवत होते. तोच माणूस हे बोलला. असा संताप आला म्हणून सांगू.

"दोष माझ्या पायात नाही मामा, उसात आहे," मी म्हटलं. "खालच्या रानाला बोअरचं खारं पाणी देतोय आपण. बांधावर पांढरं फुटलंय, दिसत नाही का? तो खार उसात चढतो. रस आटला तरी खार काही उडून जात नाही, पाकातच राहतो. मग साखर पाण्याला सोडत नाही, दाणा धरत नाही. वर तो खार हवेतली ओल ओढून घेतो ते वेगळंच."

"कालेजातलं मला नगं सांगू."

सासूबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "गप बस बाई. लई दिवस झाले, त्यांला झोप न्हाई." पण गप बसणाऱ्यातली मी नाही.

त्याच दिवशी शेजारच्या हनुमंतकाकांच्या उसाची गाडी आमच्या गुऱ्हाळावर लागली होती. त्यांचा ऊस माळावरचा, विहिरीच्या गोड्या पाण्याचा. मी म्हटलं, "हा ऊस मी इथं उभी असताना शिजवा. नाही धरला, तर परत पाऊल टाकणार नाही."

मामांनी मला हाकललं नाही. रस उकळला, मळी काढली, फेस तांबूस झाला. मामा या टोकाचे त्या टोकाला. शेवटी त्यांनी थोडा पाक गार पाण्यात सोडला आणि भांडं माझ्यापुढे धरलं. मी गोळी वळली. घट्ट वळली.

"उतरवा," मी म्हटलं. मामांनी मान हलवली.

गूळ निवेपर्यंत ते चार जागी जाऊन आले. मग ढेप उपडी केली, बोटानं वाजवली. टणक. रान बिघडलं म्हणण्यापेक्षा सून बिघडवते म्हणणं सोपं गेलं ना तुम्हाला? हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मामा स्वतःच्या उजव्या हाताची चिमटी उघडून मिटून बघत होते.

"मंग माजा हात गेला न्हाई म्हन," ते म्हणाले.

माझा राग कुठच्या कुठे गेला. इतके दिवस हा माणूस कशाला भ्यायला होता, ते मला आत्ता कळत होतं.

"हात शाबूत आहे मामा. रान खारवट झालंय आपलं."

रान गेलं, हे ऐकून त्यांना केवढं हायसं वाटलं.