बालविभागातले माझे पराक्रम

भाकरी थापताना मी एकटीच हसायला लागले की लेक विचारते, "आज वाचनालयात कुणाचा पराक्रम?" बहुतेक वेळा माझाच असतो. पुस्तकं पंधरा दिवसांनी परत येतात. किस्से मात्र कुणी घेऊनच जात नाही, त्यामुळे साठत राहतात.

*

आमचं वाचनालय सोलापुरात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत. नव्या बालविभागावर माझी नेमणूक झाली तेव्हाच कार्यवाह सरांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत मुलं आली नाहीत, तर या खोलीत वर्तमानपत्रांचे रॅक लावायचे."

मी हिरिरीनं कामाला लागले. पुस्तकं मळू नयेत म्हणून महिनाभर बसून सगळ्यांना खाकी कव्हरं घातली, वर सुबक अक्षरात नावं लिहिली. पहिली वाचक आली पाच वर्षांची श्रावणी. तिला अजून अक्षरं येत नव्हती. कपाटाकडे बराच वेळ बघून म्हणाली, "बाई, एकच पुस्तक इतक्यांदा कशाला आणलंय?"

कव्हरं काढायला एक संध्याकाळ पुरली.

*

मग मी शिस्तीच्या मागे लागले. 'शांतता राखा' ही पाटी लहानग्यांना वाचता येईना, म्हणून मीच तोंडावर बोट ठेवून दारात उभी राहायचे. रिक्षावाले सलीमभाई मुलाला सोडायला येत. तेही चपला हातात घेऊन चवड्यांवर चालायचे. चौथ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "आपा, अंदर कौन बीमार है? डागदर कू बुलाऊं क्या?"

पाटी उतरवली. बोटही.

*

सलीमभाईंच्या धाकटीनं, वय वर्षं एक, हत्तीच्या पुस्तकाचा कोपरा चावून खाल्ला. तिची आई बिचारी ओशाळली होती. मी गंभीर चेहऱ्यानं रजिस्टर उघडलं, पण 'शेरा' या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, 'आवडले.'

*

दर शनिवारी गोष्ट वाचायचं मी ठरवलं. पहिली होती, एका म्हातारीच्या दारात थंडीनं कुडकुडणारं अस्वल येतं, अशी गोष्ट. शाळेत मला वाचनाचं बक्षीस मिळालं होतं. त्याच ठसक्यात वाचली. चार मुलं होती. एक पेंगलं, बाकीची पंख्याकडे बघत बसली.

श्रावणीची आजी नरसम्मा उंबऱ्यात बसली होती. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "बाई, तुमी लई चांगलं वाचता की. पोरांना फक्त कळत न्हाय."

मग तिनं तीच गोष्ट तेलुगूत सांगितली. अस्वल कसं कुडकुडतं ते अंगावरची चादर ओढून दाखवलं. पेंगलेलं पोर उठून बसलं.

पुढच्या शनिवारी चाराची अकरा मुलं झाली. मी पुस्तक उघडून खुर्चीत बसले. सगळी माझ्याकडे पाठ करून, उंबऱ्याकडे तोंड करून बसली. तेव्हापासून माझं काम एकच, चित्रं दिसतील असं पुस्तक नरसम्माच्या डोक्यावर धरून उभं राहायचं. हात भरून येतात, पण बक्षीसपात्र काम आहे.

*

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कार्यवाह सर सुताराला घेऊन आले. मुलं येत असल्याचं मी दोनदा कळवलं होतं; पण सुताराला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणाले. माझ्या हातात पुस्तक, त्यामुळे नमस्कारही करता येईना.

मुलांच्या हट्टानं पुन्हा अस्वलाचीच गोष्ट चालली होती; खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नरसम्मानं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. सुतार टेप सोडत भिंतीपाशी गेला, सरांनी दुसरं टोक धरलं. अर्ध्या भिंतीवर टेप थांबली. सुतार त्याच वस्तीतला. तोंड नरसम्माकडे, हात तसाच हवेत.

"मिस्त्री, माप," सर म्हणाले.

"थांबा की सर. अस्वल दारात आलंय."

सरांना तेलुगू येत नाही. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या चित्रातल्या म्हातारीकडे, एकदा मुलांकडे बघितलं. मग टेपचं टोक हातात तसंच धरून ते सतरंजीवर टेकले आणि सुताराला हळूच विचारलं, "मग? उघडलं का तिनं दार?"