कॉव्हेंट्रीतली जोडलेली घरं

आईला भारतात परतायला सहा दिवस उरले होते आणि तिने बॅग कपाटावरून खालीसुद्धा काढली नव्हती. विषय काढला की ती भाजी निवडायला घ्यायची. बाबा गेल्यावर मी तिला इंग्लंडला, माझ्याकडे मिल्टन कीन्सला आणलं, त्याला पाच महिने होत आले होते, आणि दर शनिवारी मी तिला काहीतरी दाखवत होते. किल्ले झाले, बागा झाल्या, कुठल्या कुठल्या लॉर्डांचे महाल झाले. आठवडाभर ऑफिसमध्ये पिट्ट्या पडलेला, तरी शनिवारी गाडी काढायचीच. घरी समोरासमोर बसलो तर काय बोलायचं याची मला भीती वाटायची, हे खरं कारण.

शेवटच्या शनिवारी कॉव्हेंट्रीला गेलो. बॉम्बने छप्पर उडालेलं कॅथीड्रल पाहिलं, मग जुनी गल्ली. काळ्या तुळयांची, रस्त्यावर जराशी झुकलेली घरं, खाली कॅफे आणि केस कापायची दुकानं. माहिती वाचून मी आईला सांगत होते, गाइडसारखी, जांभया आवरत. युद्धात शहराचा मधला भाग बेचिराख झाला. जे वाचलं तेही पुढे नव्या बांधकामात जायला लागलं. तेव्हा यातली काही घरं होती तिथून सुटी केली आणि इथे आणून पुन्हा जोडली.

"सुटी करताना लाकडं फेकली नाहीत?" आईने विचारलं.

नाही, म्हटलं, जपून ठेवली असणार. ती एका दाराच्या चौकटीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. पार्किंगची वेळ संपत आली होती, माझे पाय दुखत होते, मी चिडले. शेवटी बाकावर बसून डबा उघडला आणि दशमीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, बॅग कधी भरायची?

"त्या घरात जायचं जिवावर येतं," आई म्हणाली.

मला राग आला. तिकडचं ते घर मी लावलं होतं. बाबांचे दिवस झाल्यावर हातात जेमतेम आठवडा होता, आणि मी एक घाव दोन तुकडे करणारी. रंगाचा वास तिला सोसणार नाही म्हणून तिला मावशीकडे ठेवलं आणि सगळं उरकलं. बाबांचे कपडे आश्रमात, पुस्तकं वाचनालयात, औषधं कचऱ्यात. भिंतींना नवा रंग, खिडक्यांना नवे पडदे. मुलगी असावी तर अशी, असं सगळे नातेवाईक म्हणाले. आई घरी आली, सगळीकडे फिरली आणि चहा ठेवायला गेली. मी ते कौतुक समजले होते.

तुला जिथेतिथे बाबा दिसायला नकोत म्हणूनच केलं ना, मी म्हणाले. आवाज चढलाच होता.

आईने डब्याचं झाकण लावलं. "कपडे दिलेस ते बरं केलंस. माझ्याच्याने झालं नसतं. पण पलंग कशाला काढलास?"

डबलबेड काढून मी सिंगल आणला होता. खोली मोकळी झाली होती, झाडायला सोपी. एकटीला एवढा मोठा कशाला, असं मी तेव्हा दुकानदारालाही सांगितलं होतं आणि आता तेच आईलाही सांगितलं.

"तो माझाही पलंग होता," आई म्हणाली. "ते गेले गं. मी होते ना?"