पंचकाकांचं प्रभुभोजन

चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात, त्या प्रभुभोजनाच्या रविवारआधी पंचकाका घरोघर फिरायचे. दारातूनच विचारायचे, "कुणाशी अबोला हाय का?" हो म्हटलं की चहा न घेता परत फिरायचे. "मंग आधी मिटवा. तोवर भाकरीला अन् प्याल्याला हात लावू नका." तीर्थपुरीजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत कारभार पाहणारे पंच तिघं होते, पण लोक 'पंच' म्हणायचे ते यांनाच.

त्यांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. शिवून उरलेली वीतभर चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत द्यायचे. नियम स्वतःलाही लावायचे. एकदा बांधावरून सख्ख्या भावाला शिवी दिली, तर भाऊ घरी येऊन जेवेपर्यंत काका मंडळीत शेवटच्या बाकावर बसले. आम्हा पोरींना त्यांचा धाक वाटायचा, आणि अभिमानही.

त्यांची एकुलती लेक रूथ माझी मैत्रीण. आई लहानपणीच गेलेली. रूथ अंकुशनगरला एका दवाखान्यात नर्स होती. एका पावसाळ्यात ती सुट्टी काढून घरी आली आणि तिनं बापाला सांगितलं, की तिला दिवस गेलेत आणि ज्यानं लग्नाचा शब्द दिला होता तो आता फोन उचलत नाही. काका बराच वेळ मशीनवर हात ठेवून बसले होते, असं तिनंच मला सांगितलं. मग तिला म्हणाले, "जेवून घे."

तिला वाटलं, निभावलं.

त्याच आठवड्यात काकांनी पंचांची बैठक बोलावली. मंडळीच्या पाळकांनीच समजावलं, "पोर आपली आहे. गोष्ट आपल्यातच राहू द्या." काका म्हणाले, "दुसऱ्यांच्या लेकींची नावं मी मंडळीसमोर वाचली. माझ्या लेकीला येगळा नियम न्हाई."

रविवारी त्यांनी उभं राहून कागद वाचला. पश्चात्ताप करून सर्वांसमोर कबुली देईपर्यंत रूथला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. आवाज कापला नाही. मी तिच्या शेजारीच होते. तिचा हात माझ्या हातात होता, तो तिनं काढून घेतला आणि उठली.

"मी बापाला सांगितल्तं," ती म्हणाली. "पंचाला न्हाई."

भाकर माझ्यापर्यंत आली तेव्हा ती फाटकाबाहेर पोहोचली होती. मी भाकर घेतली.

ती जालन्याला गेली, तिथंच बाळंत झाली, मुलीला एकटीनं वाढवू लागली. दुसऱ्या वर्षी काका नातीसाठी झबलं शिवून घेऊन गेले. तिनं पाणी दिलं, झबलं घेतलं नाही. "मला माफ कर," असं काका म्हणाले का, हे मी दोघांनाही विचारलं. रूथनं विषय बदलला, काकांनी मशीन सुरू केलं.

त्यानंतर काकांनी पंचपद सोडलं आणि प्रभुभोजनही. पाळक बदलले, नव्यांनी खूप विनवलं. "माझं अन् तिचं मिटलं न्हाई," एवढंच सांगायचे. नऊ वर्षं प्याला त्यांच्यासमोरून पुढं गेला.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. पाळक भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. काकांनी तोंड मिटलं. मी उशाशी होते, उठून अंगणात गेले आणि रूथला फोन लावला. ती म्हणाली, "घ्या म्हणावं त्यांना. माझं काही न्हाई आता."

मी आत जाऊन सांगितलं. काकांचे डोळे उघडले. "येऊन राह्यली का?"

"न्हाई, काका."

"मंग ती दया करून राह्यली," ते म्हणाले. "ते मिटणं न्हाई." आणि भिंतीकडं वळले. पाळकांनी प्याला तसाच झाकून नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी काका गेले.

रूथ मातीला आली. मुलीचा हात धरून, माणसांच्या मागं उभी राहिली. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आली. रडली नव्हती.

"माझा निरोप सांगितल्ता का?"

"सांगितला."

"मंग घेतलं त्यांनी?"

ओल्या मातीवर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती, तिकडं पाहत मी म्हणाले, "घेतलं."

तिनं मान हलवली, आणि मग ती कबरीजवळ खाली बसून मोठ्यानं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. त्यानंतर कितीतरी प्रभुभोजनं झाली. त्या खोट्याची कबुली मी अजून कुणापुढं दिलेली नाही, द्यायचीही नाही.