लोकशाहीचा उजवा खांदा

दिनांक अकरा फेब्रुवारी रोजी नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेल्या ‘लोकशाही’ नामक स्त्रीचा उजवा खांदा, मूळ मालकिणीला न विचारता, चार बोटे वर उचलण्यात आला. ही तक्रार नोंदवून ठेवणे भाग आहे.

मूळ मालकीण म्हणजे कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. उभा जन्म कोळशाची जड इस्त्री फिरवून तिचा उजवा खांदा पार उतरला होता. भिंत रंगवण्याचे काम मिळाले तिच्या धाकट्या दिराला. त्याची पद्धत अशी, की माणसाला झगझगीत दिव्यापुढे उभे करायचे आणि भिंतीवर पडलेली सावली जशीच्या तशी गिरवायची.

“भावजी, मी कशाला? एखादी शिडशिडीत बघा ना.”

“शिडशिडीत फार नखरे करते, वहिनी.”

ती हसली खरी. पण दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या हाती कपडे देताना “रविवारी भिंत बघायला या हं” असे बजावू लागली. आजवर लोक तिच्या टेबलाकडे बघत आले होते. आता प्रथमच तिच्याकडे बघणार होते.

मग पाहणीला समिती आली. समिती आली म्हणजे विद्वत्ता आलीच.

“लोकशाहीच्या पायात चप्पल?” एका सदस्याने नाक मुरडले.

“अनवाणी इस्त्री करून दाखवा,” ती म्हणाली. “पायावर निखारा पडला की लोकशाही कशी नाचते ते कळेल.”

चप्पल वाचली. ती कामावर परतताच मात्र अध्यक्षांना खांदा दिसला. “लोकशाही अशी एका बाजूला कललेली? लोक काय म्हणतील?” तत्काळ मतदान झाले आणि तीन विरुद्ध दोन मतांनी हाडामांसाचा खांदा भिंतीवर सरळ झाला.

रविवारी सारी गल्ली लोटली. ती ऐटीत पुढे झाली आणि थबकली.

“अगं, यात तू कुठेयस?” शेजारणीने विचारले.

“ही माझी कुणी श्रीमंत मावसबहीण दिसते,” ती म्हणाली. घरी येऊन मतदानाची हकीकत कळताच मात्र तिने दिराला फैलावर घेतले.

“तुम्ही विरोधात मत का नाही दिलंत?”

“चित्रकाराला मत नसतं, वहिनी.”

“आणि जिचा खांदा, तिला?”

दिराने ब्रश धुण्यात कमालीची एकाग्रता दाखवली.

वाचकहो, येत्या सोमवारी समितीची बैठक आहे आणि तेथे नागरिकांना बसता येते. या. खांद्यावर पुन्हा मतदान घ्यायला लावा, आणि त्या बाईचे मत मोजले गेल्याशिवाय जागचे उठू नका.