अकराचे एकवीस

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. आमच्या शेजारच्या वहिनींचा मोदकांचा धंदा उभा राहण्याआधीच बसला, तो माझ्यामुळे. त्यांना वाटतं, त्यांच्या हातामुळे.

मी मुळात कमी बोलणारा. जासईजवळ बंदराच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. कुठला माल कधी येणार, कुठे ठेवायचा, कधी निघाला पाहिजे, हे बघायचं. घरी येऊन यात सांगण्यासारखं काय असणार? कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत मी ‘ते पोर्टवाले’, एवढीच ओळख.

त्या वर्षी वहिनींच्या यजमानांची कंपनी बंद पडली. वहिनी चिपळूणकडच्या. त्यांच्या उकडीच्या मोदकांचं आमच्या मजल्यावर भारी कौतुक. त्यांनी ठरवलं, गणपतीला सोसायटीभर ऑर्डरी घ्यायच्या आणि नीट पार पडलं तर खालचा रिकामा गाळा भाड्याने घेऊन कायमचं सुरू करायचं. गाळेवाला गणपतीपर्यंत थांबायला तयार होता. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा असताना त्यांनी सहज विचारलं, “भावजी, एवढे नारळ आणायचे कधी? आधी आणले तर एखादा आतून नासतो, ऐनवेळी गेलं तर भाव चढलेला.”

आणि मी सुटलोच. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं ना! ओट्यावर तांदळाची पिठी सांडली होती, तिच्यातच बोटाने रेघ ओढली. हा बाजार, ही तुमची शेगडी, हे गिऱ्हाइकाचं ताट. माल इकडून तिकडे जातो, पण कोणाला काय हवंय ही खबर तिकडून इकडे येते. या दोन्हींचा मेळ घालायचा, यालाच सप्लाय चेन म्हणतात, असं मी सांगितलं. त्या हसल्या. “म्हणजे तुमचा कंटेनर आणि माझं मोदकपात्र एकच म्हणायचं?”

एकच, मी म्हटलं, फक्त तुमचा माल दुपारपर्यंतच टिकतो, म्हणून तुमचं काम माझ्याहून अवघड.

पुढचे दिवस आठवले की आजही मला जागेवर बसवत नाही. यार्डातून सुटलो की थेट त्यांच्याकडे. नैवेद्याची वेळ धरायची आणि तिथून उलटं मागे यायचं: वाफवायला कधी ठेवायचं, वळायला कधी बसायचं, नारळ कधी खवायचे. गूळ आणि पिठी टिकतात, ती आधी भरून ठेवायची. खवलेलं खोबरं टिकत नाही, ते अगदी शेवटी. नारळवाले दोन धरायचे, एकाने टांग मारली तर दुसरा असावा. मग माझ्या लक्षात आलं की सगळं अडतंय मोदकपात्रापाशी! वळायला कितीही बायका बसवा, वाफ एकाच पात्रात, म्हणजे तेवढेच बाहेर येणार. मी धावत घरी जाऊन आमचं पात्र उचलून आणलं. बायको म्हणाली, कधी स्वतःच्या घरी कपभर चहा नाही केलात. वहिनी शेजारून ओरडल्या, “अगं, नेऊ दे त्यांना, आज पहिल्यांदा बोलतायत!”

राहिला होता आकडा. किती मोदक? ते काम मी अंगावर घेतलं.

आमच्याकडे प्रत्येक विंगेच्या एका काकू सणाच्या ऑर्डरी गोळा करतात. घराघरांनी त्यांना सांगितलं होतं, अकरा. काकूंनी मला सांगताना त्याचे एकवीस केले. नैवेद्याला एकवीसच शुभ, आणि सणाचं कमी पडलं तर नाव कोणाचं जाणार? एका काकू गप्पांच्या ओघात हे बोलूनही गेल्या. आणि मला माहीत होतं याला काय म्हणतात: बुलव्हिप इफेक्ट, हातोहात फुगत जाणारी मागणी. आसुडाची मूठ जराशी हलली की टोक किती लांब फिरतं, हे यार्डात नवीन पोरांना मीच शिकवायचो. उपाय एकच, मधल्या माणसांना सोडून थेट गिऱ्हाइकाच्या दाराची बेल वाजवायची. मी एकही बेल वाजवली नाही. उलट त्या एकविसांवर मीही थोडे चढवले. मोठा आकडा बघायला बरं वाटत होतं. वहिनींचा चेहरा कसा उजळेल, तेच डोळ्यांपुढे होतं.

त्यांनी विचारलं, “भावजी, आकडा नक्की ना?”

“अगदी नक्की. घरोघरी विचारलाय.”

चतुर्थीच्या सकाळी सगळं ठरल्यासारखं झालं. दोन्ही पात्रं धडधडत होती, कळ्या नाकीडोळी नीटस, केळीच्या पानावर पांढऱ्याशुभ्र रांगा. असं चोख काम मी यार्डातही पाहिलं नव्हतं. मग माणसं डबे घेऊन आली आणि जो तो म्हणाला, अकरा द्या. वहिनींनी एकीला विचारलं, एवढेच? ती मोदकांकडे बघत म्हणाली, एवढे पुरे. वहिनींचा हात डब्यावर तसाच राहिला.

उरलेले वॉचमनपासून समोरच्या बांधकामावरच्या माणसांपर्यंत सगळ्यांना वाटले, तरी संध्याकाळी परातभर आंबले. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. एक मोदक मोडून त्याची पारी बोटांत धरून उजेडात बघत होत्या.

“जाड झाली असणार,” त्या म्हणाल्या. “लोकांनी बघूनच कमी केले. तोंडावर कोण बोलणार?”

मी तिथेच, दारात उभा होतो. म्हटलं, होतं असं कधीकधी.

गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वहिनी एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जातात. मी अजून रविवारी नव्या लोकांना शिकवतो, अजून तितकाच रंगून शिकवतो. आसुडाचं उदाहरण आलं की मोदकांचं टाळून साबणाच्या वड्यांचं देतो.

परवा बायको वहिनींना म्हणाली, यंदा मोदकांचं पुन्हा बघा की, लोक अजून आठवण काढतात. त्या म्हणाल्या, नको गं, माझी पारी जाड होते. बायकोने हे मला जेवताना सांगितलं. लोक आठवण काढतात! मग मी एकटाच बसून मनात सगळं मांडायला लागलो: यंदा पात्रं तीन, नारळवाले दोन, आणि बेल प्रत्येक दाराची मी स्वतः वाजवायची. मांडता मांडता हुरूप असा आला की उठून त्यांच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं आणि मागे फिरलो. कारण ही आखणी त्यांच्यापुढे ठेवायची, तर आधी दुसरंच काही सांगावं लागणार.

तीच खबर माझ्याकडून द्यायची राहिलीय. पारी पातळ होती, वहिनी. आकडा मी खोटा सांगितला होता.