कुत्रं नेणारा चोर

नोकरीतल्या कितीतरी मोठ्या केसेस आता धूसर झाल्या आहेत. पण महापुरातली ती जनावरांची चोरी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तेव्हा मी पलूस तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. कृष्णेचं पाणी उतरत होतं, नदीकाठची गावं शाळेतल्या छावणीत आली होती आणि निम्मं ठाणं तिथेच बंदोबस्ताला होतं. छावणीतला चहा दाट दुधाचा असायचा, त्यामुळे मीही तिथे जरा जास्तच घुटमळायचो.

एके सकाळी एक निवृत्त फौजी तक्रार घेऊन आले. पाणी वाढायच्या आधी ते बायकोला घेऊन ट्रॅक्टरवरून छावणीत आले होते. गोठ्याचा चौथरा उंच, मागच्या पुरात तिथे पाणी चढलं नव्हतं. म्हणून दोन म्हशी, एक गाभण गाय आणि कुत्रं आतच बांधून, पुढ्यात वैरण टाकून, चोरांच्या भीतीने त्यांनी बाहेरून कुलूप घातलं होतं. या खेपेला पाणी पत्र्याला लागलं. ओसरल्यावर जाऊन पाहतात, तर कुलूप तोडलेलं आणि गोठा रिकामा.

“बुडाली असती तर मढी गावली असती, सायेब. ही चोरीच हाय,” ते ठामपणे म्हणाले. त्यांच्या बायकोने त्या गायीला लहानपणापासून वाढवलं होतं. ती माउली अन्नाला शिवत नव्हती.

गुन्हा नोंदवून पंचनाम्याला गेलो. दावी खुंट्यांपाशी पडली होती. कापलेली नव्हती, सोडलेली होती. कुत्र्याची साखळीही तशीच. मी तिथेच अडलो. म्हशी बाजारात विकल्या जातात, पण गावठी कुत्रं कोण चोरतं? आणि ते भुंकून गाव गोळा न करता चोराच्या मागे गेलंच कसं? चोर घरातला होता, यात मला शंका उरली नाही.

फौजींना घरात आणखी कोण, असं विचारलं तर म्हणाले, कुणी नाही. बीटच्या हवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं की शेजारचं घर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं आहे. बांधावरून वाजलं, तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. धाकटा पुराच्या आधीच कुंडलकडे सासुरवाडीला गेला होता.

दुवा मिळाला तो चहाच्या चुलीपाशी. एवढं दूध येतं कुठून, असं मी आचाऱ्याला सहज विचारलं. एक माणूस रोज मोटारसायकलवरून किटल्या आणतो, फाटकातच देतो आणि फौजी दिसले की तोंड फिरवून निघून जातो, असं तो म्हणाला. हवालदाराने लगेच ओळखलं, हा धाकटाच. त्याच्या घरी म्हैस एकच, दूध मात्र तिघींचं. ज्या म्हशी आम्ही तालुकाभर हुडकत होतो, त्यांच्याच दुधाचा चहा आम्ही पीत होतो. हवालदाराने हातातला कप गुपचूप खाली ठेवला.

कुंडलला गेलो तर धाकट्याच्या पायाशी ते कुत्रं शेपूट हलवत बसलेलं. कुलूप तोडणं हा गुन्हा आहे, हे मी जरबेने सुनावलं, तेव्हा तो उसळला. “घर बघाय माघारी आलो, तर गुडघाभर पाणी. तवा फोन लावला. त्यानं कापला. परत लावला, परत कापला. मग काय जनावरं बुडताना बघत बसू व्हय?”

मग कळवलं का नाहीस, असं विचारलं. थोरल्याने आपण होऊन विचारावं, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं. आणि दूध कशाला नेत होतास, म्हटल्यावर तो खाली बघत म्हणाला, “वयनीला रातीला दूध लागतं.”

फौजींचा फोन मागवून बघितला. धाकट्याचे कापलेले कॉल त्यात होते. मी नवरा-बायकोला जीपमध्ये घातलं आणि कुंडलला नेलं. गाय आदल्याच दिवशी व्याली होती. माउली वासराच्या गळ्यात पडून रडली. फौजी दारातच ताठ उभे राहिले. मग धाकट्याकडे न बघता म्हणाले, “कुलूप मीच घालाय नको हुतं.” धाकट्याने त्यांच्यासाठी खाट ओढली. मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला. गुन्हेगार न सापडल्याचा एवढा आनंद मला नोकरीत दुसऱ्यांदा झाला नाही. पुढे प्रत्येक पूरबैठकीत मी एकच सांगत आलो: जनावरं आधी हलवा, नाहीच जमलं तर दावी सोडा, पण कुलूप घालू नका. कुलपामुळे चोर थांबतो, तसा मदतीला आलेला माणूसही थांबतो.

निवृत्तीच्या वर्षी पुन्हा पाणी चढू लागलं. गस्तीवर त्या गोठ्याशी थांबलो, तर दाराला कुलूप दिसलं. मी चिडून फौजींना फोन लावला. जनावरं केव्हाच कुंडलला पोचली होती. आत नुसतं वैरण कापायचं यंत्र होतं.

“आणि किल्ली?” मी विचारलं.

“ती आता धाकट्याकडंच असती, सायेब.”