सलीम शिंप्याची उतरंड

सलीम शिंप्याला वेडा म्हणणाऱ्यांनी आधी हे ऐकावं.

भूकंपानंतर आमच्या लातुरात घरोघरी झोपताना तांब्यांची उतरंड रचून ठेवायचे. जमीन हलली की ती पडणार, अन् आवाजानं माणसं बाहेर पळणार. सलीमची उतरंड अंगणात होती. तारे तुटायच्या दिवसांत तो पहाटे तिथंच रेडिओ घेऊन बसायचा. काटा स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागेवर, नुसती खरखर. वर तारा जळाला की त्याच्या रेघेला आपटून लांबच्या स्टेशनचा आवाज खाली यायचा, क्षणभर बोलायचा अन् विझायचा.

त्या पहाटे मद्रासच्या गाण्याची अख्खी ओळ वाजली. सलीम खुशीत उठला, उतरंडीला अडकलेली एरियलची तार ओढली गेली अन् उतरंड कोसळली. गल्ली लेकराबाळांसह रस्त्यावर आली.

समोरच्या कोचिंगच्या होस्टेलातली पोरं मात्र आतून दार बडवत होती. अभ्यास सोडून भटकतील म्हणून सरांनी बाहेरून कुलूप घातलं होतं.

सकाळी सगळे सलीमवर धावून गेले. सर सगळ्यांत पुढं. "तुमच्यापायी पोरं किती घाबरली!"

सलीम भडकला. "माझी तर भांडी पडली, सर. खरंच जमीन हलली असती तर?"

गल्लीनं रेडिओ फोडला. कुलपाला कुणी हात लावला न्हाई.